सही नको, आकडे शिकव

ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. माझी याडी, म्हणजे आई, आणि बापू असाच एक कोयता होते. दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या आमच्या तांड्यातून मुकादमाची टोळी पश्चिम महाराष्ट्राकडे निघायची. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, सगळे उसाच्या फडाजवळ कोप्या घालून राहत. निघण्याआधी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळे आणि कागदावर दोघांचे अंगठे उमटत. कागदात काय लिहिलंय ते मुकादम सांगेल तेच. पुष्कळदा तो कागद कोराच असे.

मला मात्र आजीपाशी ठेवून गावातल्या शाळेत घातलं होतं. आम्ही बंजारा, घरी गोरमाटी बोलतो. वर्गात बोलताना वाक्याच्या शेवटी चुकून ‘छ’ निसटला की पोरं हसायची आणि गुरुजी म्हणायचे, ‘नीट बोल, ही तांड्याची भाषा इथे चालणार नाही.’ ग्रिअर्सनने भारताच्या भाषिक सर्वेक्षणात आमच्या भाषेची नोंद कधीच करून ठेवली होती, हे मला पुढे कॉलेजात कळलं. वर्गात कुणाची पेन्सिल हरवली तर आधी आमच्या दप्तरांची झडती व्हायची. त्या झडतीच्या मागेही एक कागदच होता. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे त्याखाली ज्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यांत ठिकठिकाणचे बंजारेही होते. १९५२ साली कायदा रद्द झाला, आम्ही विमुक्त झालो. पण कायदा पुसला म्हणून गावाच्या मनातलं पुसलं जात नाही. राज्याला वसंतराव नाईकांसारखा मुख्यमंत्री आमच्या समाजाने दिला, त्यालाही कितीतरी वर्षं लोटली होती, तरी माझं दप्तर उलटंपालटं होतच होतं.

याडीला लोक अडाणी म्हणत. हा शब्द मला अजूनही सहन होत नाही, कारण तिच्याइतका पक्का हिशेब मी कुणाचा पाहिलेला नाही. अख्खा हंगाम तिच्या डोक्यात असायचा. विहिरीकडच्या रानात पहाटे दव होतं, मोळ्या जड झाल्या, त्या दिवशी दोन ट्रॉल्या गेल्या. ओढ्याकाठचा ऊस पडलेला होता, तिथे तोडीला वेळ लागला, एकच ट्रॉली भरली. बापू तापाने पडले होते ते दिवस कुठले आणि त्या दिवसांचा खाडा किती धरला, हेही तिला पाठ. पण वजनकाट्याची पावती ट्रॅक्टरवाल्याकडून थेट मुकादमाच्या खिशात जाई. हंगाम संपल्यावर तो वही उघडायचा आणि टनेज वाचून दाखवायचा. याडीचा आकडा नेहमी जास्त, वहीतला नेहमी कमी. ‘वहीत आहे का?’ एवढा एक प्रश्न विचारला की तिचं सगळं बोलणं खोटं ठरायचं. उचल फिटायची नाही, आणि बाकी राहिली की पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जाणं भाग पडायचं.

सातवीनंतरच्या दिवाळीत मी फडावर गेले तेव्हा याडीने माझ्यापुढे एक वही टाकली. रोज रात्री चुलीपुढे बसून ती सांगायची आणि मी लिहायची: तारीख, रान, ट्रॉल्या. मी परतले तेव्हा ती वही टोळीतल्या एका शिकलेल्या पोराकडे दिली. हंगाम संपल्यावर याडीने ती मुकादमाच्या वहीशेजारी उघडून ठेवली. तो चिडला, पण ‘वहीत आहे का’ हे त्याला विचारता आलं नाही. काही ट्रॉल्या त्याने मान्य केल्या. वहीत होतं ते सगळं तिने आधीही सांगितलंच होतं. फक्त आता ते मराठीत, शाईने लिहिलेलं होतं. तेव्हा मला आनंद झाला. आज त्या आनंदाहून रागच जास्त आठवतो.

मी शिक्षिका झाल्यावर तिला सही शिकवायला बसले. प्रौढ साक्षरतेच्या वर्गांत सुरुवात सहीपासून होते हे मी पाहिलं होतं. तिने पाटी बाजूला सारली. म्हणाली, ‘अंगठा दिला काय आणि सही केली काय, कागद पक्का होतो तो मुकादमाचा. मला सही नको. पावती वाचता येईल एवढे आकडे शिकव.’

इतका नेमका विचार मी अध्यापनशास्त्राच्या पुस्तकांत वाचला नव्हता. सहीने माणूस कागदाला बांधला जातो. वाचता आलं तर तो कागदाला प्रश्न विचारू शकतो. साक्षरांच्या यादीत नाव जायला पहिलं पुरतं, म्हणून आपल्याकडे पहिलंच उरकलं जातं, आणि मला हे अन्यायाचं वाटतं.

आता दसऱ्याआधीच्या संध्याकाळी मी तांड्यातल्या बायकांना घेऊन बसते. अ-आ-ई नंतर. आधी जुनी पावती: भरलेलं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, निव्वळ वजन, कपात. बोलायचं गोरमाटीत, वाचायचं मराठीत. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, ती बातमी आम्ही मोठ्याने वाचली आणि जुन्या दरावर किती वाढले ते प्रत्येकीने मांडून पाहिलं. निघायच्या वेळी टोळीतल्या बायकांनी मुकादमाला एक अट घातली: रोजच्या पावतीचा फोटो त्याच संध्याकाळी टोळीच्या व्हॉट्सअॅपवर आला पाहिजे. तो आधी नाही म्हणाला. बायका ट्रकमध्ये चढेनात. दुपारी उशिरा तो तयार झाला, आणि याडीने सगळ्यांत आधी त्याला विचारलं, कपातीचा आकडाही दिसेल ना.