कमान नेमकी कुठून?

शुक्रवारी रात्री पुण्याहून सोलापूरला घरी पोहोचले, तेव्हा बॅगेत लॅपटॉप आणि डोक्यात एकच प्लॅन होता. आत्याच्या साठीला सरप्राइज म्हणून आजीची गाण्याची वही टाइप करायची. बत्तीस तर पानं! भाकरी आणि शेंगाचटणी खात खात विकेंडमध्ये उरकेल, असं वाटलं.

पहिल्याच पानावर अडले. राग यमन.

वही भातखंडे पद्धतीची. पं. विष्णू नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांनी बंदिशी कागदावर उतरवायला रुजवलेली. हिशेब सोपा. स्वरांखाली कमान असेल तर ते सगळे एका मात्रेत. वर कमान असेल तर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता जायचं. स्वर लांबवायला आडवी रेघ. पाश्चात्त्य नोटेशनमध्ये एकच कमान दोन कामं करते. सारख्याच स्वरांवर असेल तर स्वर धरून ठेवायचा, वेगळ्या स्वरांवर असेल तर जोडून घ्यायचे. आपल्याकडे तो घोळ नाही.

घोळ आजीच्या पेनाचा होता. ‘ग प रे सा’वर एक कमान. उतरते नीट ‘रे’वर, पण निघते ‘ग’ आणि ‘प’च्या बरोब्बर मधून! फॉण्टमध्ये कमान नव्हती, ती माऊसनं काढायची. आणि माऊसला कुठून तरी सुरुवात करावीच लागते ना?

आईनं तिन्ही स्वर एका ओढीत गाऊन दाखवले. आत्याला फोनवर सहज विचारल्यासारखं विचारलं. ‘‘छे गं! ‘ग’ सुटा. मींड ‘प’वरून ‘रे’वर. यमनची खूणच आहे ती.’’

दोघीही आजीकडेच शिकलेल्या. आजीचं रेकॉर्डिंग एकही नाही. म्हणजे मी रेघ जिथून ओढेन, तिथूनच आजी कायमची गाणार. जाम टेन्शन आलं.

मग वाचनात आलं, की पाश्चात्त्य संगीत छापताना संपादकानं आपल्या अंदाजानं घातलेली कमान अनेकदा तुटक रेघेनं दाखवतात. गाणाऱ्याला कळतं, की ही मूळची नाही. मग मीही ‘प’ ते ‘रे’ पक्की रेघ काढली, कारण तेवढ्यावर दोघींचं एकमत होतं. ‘ग’ ते ‘प’ तुटक. आणि शेजारी आजीच्या पानाचा फोटो.

साठीच्या दिवशी आत्यानं पहिलंच पान उघडलं, चष्मा वर केला आणि म्हणाली, ‘‘ही तुटक रेघ कुणाची?’’ आई म्हणाली, ‘‘माझी!’’

पुढे वीस मिनिटं दोघी भांडत होत्या. गाऊन गाऊन.