मॅग्नेशियमची चिमूट

बारवीचं पाणी मी तेहतीस वर्षं रोज सकाळी तपासलं. अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात बॉयलर हाऊसला होतो. पहिल्या पाळीला गेलं की आधी सॉफ्टनरच्या आउटलेटचा नळ सोडायचा, शंभर मिली पाणी फ्लास्कमध्ये घ्यायचं, त्यात अमोनियाचा बफर आणि एरिओक्रोम ब्लॅक-टीची चिमूट टाकायची. पाणी निळं झालं तर सॉफ्टनर ठीक. लालसर झालं की समजायचं, कॅल्शियम-मॅग्नेशियम निसटून येतंय, रेझिन दमलंय. मग मिठाचं पाणी सोडून रेझिन पुन्हा ताजं करायचं.

बॉयलरला हे दोन क्षार चालत नाहीत. ट्यूबवर त्यांचा पांढरा थर बसतो, उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही आणि ट्यूब जळून फुटते. म्हणून माझी सगळी नोकरी पाण्यातून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढून टाकण्यात गेली. ते काम मी मन लावून केलं. पण त्या सवयीचा एक परिणाम माझ्या डोक्यावर झाला होता, तो मला फार उशिरा कळला. क्षार म्हणजे घाण, असं मी धरून चाललो होतो.

हे पाणी येतं कुठून, तेही सांगतो. बदलापूर आणि मुरबाडच्या मधल्या डोंगरांत पाऊस पडतो, तो बारवी धरणात साठतो. एमआयडीसीने 1972 साली हे धरण बांधलं, पुढे टप्प्याटप्प्याने त्याची उंची वाढवली. आज त्यात सुमारे 340 दशलक्ष घनमीटर पाणी मावतं. सोडलेलं पाणी बारवी नदीतून उल्हास नदीत येतं, तिथून उचलून जांभूळच्या केंद्रात शुद्ध होतं आणि अंबरनाथ, उल्हासनगर, डोंबिवलीपासून नवी मुंबईच्या पट्ट्यापर्यंत जातं. हे पावसाचं पाणी, काळ्या कातळावरून वाहत आलेलं. हार्डनेसचा आकडा पावसाळ्यात उतरायचा, मे महिन्यात चढायचा, पण बोअरच्या पाण्याच्या मानाने ते कायम मऊच असायचं. कारखान्यात जे पाणी सॉफ्टनरमध्ये जायचं, तेच उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात आमच्या घरच्या नळाला यायचं.

तरीही 2017 साली मी घरात आरओ बसवला. शेजारी सगळ्यांकडे आला होता. बसवायला आलेल्या मुलाने खिशातला टीडीएस मीटर काढून दाखवला. नळाचं पाणी शंभराच्या आसपास, आरओचं पंधरा. आकडा खाली आलेला बघून मला बरं वाटलं. तेहतीस वर्षांची ती सवयच होती.

त्याच सुमारास आईच्या पायात गोळे यायला लागले. रात्री दोन-अडीचला पोटरी दगडासारखी घट्ट व्हायची. ती कळवळून उठायची, मी आणि बायको आळीपाळीने पाय चोळत बसायचो. वय सत्तरीच्या पुढे, त्यामुळे हाडं ठिसूळ झाली असतील, कॅल्शियम कमी पडत असेल, असं सगळेच म्हणाले. कॅल्शियमची गोळी सुरू केली. वर्ष गेलं, दोन वर्षं गेली, गोळे काही थांबेनात. आम्ही एकाच्या दोन गोळ्या केल्या.

2022 च्या श्रावणात एका सकाळी आई ओट्याशी उभी होती. हातातला चमचा खाली पडला. तिच्या उजव्या हाताची बोटं एकमेकांना चिकटून आत वळली होती, मनगट वाकलं होतं आणि ते सरळ होत नव्हतं. ओठांभोवती मुंग्या येत होत्या. “अरे, हात माझा ऐकत नाही,” एवढंच ती म्हणाली. आम्हाला वाटलं पक्षाघात. रिक्षा करून दवाखान्यात नेलं.

रक्तात कॅल्शियम कमी निघालं, पोटॅशियमही कमी. सलाईनमधून कॅल्शियम दिलं. संध्याकाळी हात मोकळा झाला, आम्ही सुटकेचा श्वास सोडला. दुसऱ्या दिवशी दुपारी आकडा पुन्हा खाली. पुन्हा दिलं, पुन्हा उतरला. तिसऱ्या दिवशी एक तरुण डॉक्टर बाई राउंडला आल्या. त्यांनी आईच्या उशाशी बसून एकच प्रश्न विचारला, “आजी, रोज कुठल्या कुठल्या गोळ्या घेता?”

मी पिशवी उघडली. रक्तदाबाची गोळी होती, तिच्यात लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं. आणि पित्ताची, सकाळी उपाशीपोटी घ्यायची कॅप्सूल. ती कधीपासून, असं विचारल्यावर मी हिशेब केला. सहा वर्षं. मूळ चिठ्ठीवर आठ आठवडे लिहिलेलं होतं. बरं वाटतंय म्हणून पुढे आम्हीच दुकानातून आणत राहिलो.

डॉक्टरांनी मॅग्नेशियमची तपासणी लिहिली. निरोगी माणसाच्या रक्तात ते साधारण 1.7 च्या वर असतं. आईचं 0.9 निघालं.

मॅग्नेशियमची सलाईन लागली. दोन दिवसांत कॅल्शियम आपल्या जागी येऊन टिकलं, पोटॅशियमही सुधारलं. पाचव्या रात्री आई सलग झोपली. मी मात्र खुर्चीत जागाच होतो.

घरी सोडताना डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं. मानेत, थायरॉईडच्या मागे डाळीएवढ्या चार ग्रंथी असतात. रक्तातलं कॅल्शियम उतरलं की त्या एक संप्रेरक सोडतात, मग हाडातून कॅल्शियम रक्तात येतं आणि मूत्रपिंड ते धरून ठेवतं. या ग्रंथींना आपलं काम करायला मॅग्नेशियम लागतं. ते फारच कमी झालं की संप्रेरक नीट सुटत नाही आणि सुटलं तरी हाडं त्याला दाद देत नाहीत. मग बाहेरून कितीही कॅल्शियम ओता, ते टिकत नाही. पित्ताची ती औषधं वर्षानुवर्षं घेतली की काही जणांच्या आतड्यातून मॅग्नेशियम शोषलं जायचं कमी होतं. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने 2011 सालीच तसा इशारा दिला होता. लघवी वाढवणाऱ्या गोळीने ते बाहेरही जातं. आईच्या बाबतीत आत येणारं आटलं होतं आणि जाणारं वाढलं होतं.

हे ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर बॉयलर हाऊसमधली बाटली आली. हार्डनेसचा तो बफर आम्ही स्वतः बनवायचो. अमोनियम क्लोराइड, अमोनिया, थोडं ईडीटीए, आणि पाव लिटर बफरला 780 मिलिग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट. नवा आलेला पोरगा विचारायचा, आपण मॅग्नेशियम शोधतोय तर आधीच का घालायचं? मी त्याला सांगायचो, पाण्यात नुसतं कॅल्शियम असलं तर रंग धड बदलत नाही, लाल की निळा कळत नाही. चिमूटभर मॅग्नेशियम असलं की कॅल्शियमचा हिशेब स्पष्ट लागतो. शेकडो वेळा हे वाक्य मी बोललो होतो. आईच्या शरीरातही कॅल्शियमचा हिशेब त्याच चिमटीसाठी अडला होता.

त्यानंतर मी वाचत गेलो, विचारत गेलो. माणसाच्या शरीरात एक किलोच्या वर कॅल्शियम असतं, त्यातलं नव्याण्णव टक्के हाडं-दातांत. मॅग्नेशियम सारं मिळून पंचवीस ग्रॅमच्या आसपास, आणि रक्तात त्याचा एक टक्काही नसतो. म्हणून रक्तातला आकडा बरा दिसला तरी आतला साठा आटत असू शकतो. लोह तीन-चार ग्रॅम. आयोडीन तर अवघं पंधरा-वीस मिलिग्रॅम, रोजची गरज 150 मायक्रोग्रॅम, डोळ्यांना दिसणार नाही एवढी. पण तेवढं मिळालं नाही की काय होतं, ते हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामींनी दाखवून दिलं. एका भागात साधं मीठ आणि दुसऱ्यात आयोडीन घातलेलं मीठ देऊन त्यांनी गलगंड कमी होतो हे सिद्ध केलं. घरात आईचा हट्ट खडे मिठाचा. समुद्राचं म्हणजे त्यात सगळं असणार, असा तिचा विश्वास. पण साध्या खडे मिठात आयोडीन नाममात्रच असतं. आता आमच्याकडे आयोडीनचंच मीठ येतं.

जस्ताची गोष्टही अशीच. बिहारमधल्या बक्सरला जन्मलेले डॉ. आनंद प्रसाद इराणमधल्या शिराजला काम करत असताना, 1958 च्या सुमारास त्यांना वाढ खुंटलेले तरुण दिसले. मुख्य अन्न बिनखमिराची रोटी. धान्यातल्या फायटेटमुळे जस्त शरीराला मिळत नव्हतं. माणसाला जस्ताची कमतरता होऊ शकते, हे जगाला तिथून कळलं. आज जुलाब झालेल्या मुलाला ओआरएसबरोबर जस्ताची गोळी देतात, तिची मुळं त्या कामात आहेत. पण हेच जस्त महिनोन्‌महिने जास्त घेतलं तर शरीरातलं तांबं कमी होतं. फ्लोराइड लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दीडच्या वर गेलं की दातांवर डाग पडतात आणि पुढे हाडं आखडतात. चंद्रपूर-यवतमाळच्या काही गावांनी ते भोगलं आहे.

घरात बघितलं तर माझ्या मुलीच्या बाबतीतही एक खनिज दुसऱ्याच्या आड येत होतं. हिमोग्लोबिन नऊ, लोहाची गोळी सुरू, आणि ती गोळी ती कॅल्शियमच्या गोळीबरोबर चहाच्या घोटाने गिळायची. चहा लोहाला अडवतो, कॅल्शियमही त्याच्या वाटेत येतं. आता लोह दुपारी, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर, कॅल्शियम रात्री, आणि चहा दोन्हींपासून लांब. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या शंभरातल्या 57 बायका रक्तक्षयी निघाल्या. त्यांपैकी कितीजणींना ही साधी वेळापत्रकाची गोष्ट कोणी सांगितली असेल, हा विचार मला अजून अस्वस्थ करतो.

आरओबद्दल मला प्रामाणिकपणे सांगायचं आहे. आईचं दुखणं आरओने झालं असं मी म्हणणार नाही. आपल्याला खनिजं मिळतात ती मुख्यतः अन्नातून, पाण्याचा वाटा त्या मानाने लहान. बारवीच्या मऊ पाण्यात तर मुळात थोडंच मॅग्नेशियम. पण ज्या घरात आधीच तूट आहे, तिथे थोडंही कशाला घालवायचं? जागतिक आरोग्य संघटनेने 2009 साली पिण्याच्या पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमवर एक पुस्तकच काढलं. आपल्याकडे पिण्याच्या पाण्याच्या मानकात टीडीएसची स्वीकार्य मर्यादा 500 आहे, आणि 2019 च्या मे महिन्यात राष्ट्रीय हरित लवादाने 500 पेक्षा कमी टीडीएस असेल तिथे आरओवर बंदी घालावी असं सांगितलं होतं. जिथे बोअरचं पाणी खारं आहे, फ्लोराइड आहे, तिथे आरओ हवाच. आमच्या शंभराच्या पाण्याला गाळणी आणि जंतू मारायला यूव्ही पुरे होतं. प्रयोगशाळेतून पाणी तपासून घेतलं, मग आरओ काढला.

खरा बदल ताटात केला. आईचं माहेर मुरबाडकडचं. लहानपणी तिने हातसडीचा तांदूळ, नाचणीची भाकरी, आंबवलेली अंबील, सुकट, पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, कंटोळी हे खाल्लं. उल्हासनगरात आल्यावर पांढरा पॉलिशचा भात, चहा-बिस्किट, चहा-पाव. तांदळाचा कोंडा जातो तेव्हा त्याच्याबरोबर मॅग्नेशियमचा मोठा वाटा जातो. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, शिवाय मॅग्नेशियम आणि लोह. तिच्यात फायटेटही आहे, पण मोड आणले किंवा पीठ रात्रभर आंबवलं की ते कमी होतं. आजीच्या काळी अंबील आंबवत, त्यामागचं हे कारण मला साठी आल्यावर उमगलं. पित्ताची कॅप्सूल डॉक्टरांनी हळूहळू बंद केली, रक्तदाबाची गोळी बदलली. मॅग्नेशियमची गोळी त्यांच्या सल्ल्याने काही महिने दिली. वाचणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं, ती गोळी मनाने सुरू करू नका. मूत्रपिंड कमजोर असेल तर ते मॅग्नेशियम साठतं आणि जिवावर बेततं.

यंदा जूनमध्ये पहिला पाऊस झाला आणि आई म्हणाली, मला बारवीकडे ने. मुलाच्या गाडीतून निघालो. धरणाच्या वाटेवर झाडाखाली एक ठाकूर मावशी टोपली घेऊन बसली होती. टोपलीत शेवळं, जांभळट कोंब, मातीसकट. आईने खाली बसून एकेक कोंब दाबून पाहिला, वरची पात उकलून आतला पिवळा भाग बघितला. तो भाग काढूनच भाजी करायची असते. शेवळाच्या गाभ्यात कॅल्शियमच असतं, पण सुईसारख्या ऑक्झलेटच्या रूपात. ते पोसत नाही, घसा खाजवतं.

मी पैसे काढले. आईने माझा हात धरला.

“थांब. मावशे, काकडं कुठं आहेत?”

मावशीने फडक्यातून आवळ्याएवढी आंबट हिरवी फळं काढली. “हायत की, आजी. बिनकाकडांची शेवळं मी कुणाला इकत नाय.”

आईने ती स्वतः मोजून घेतली, उजव्या हाताने, एकेक करून पिशवीत टाकत. बारा झाली. बोटं सरळ होती.