आवाक्यातला हंगाम

थंड मुलखात काचेचं घर बांधतात ते मिळेल तेवढं ऊन आत कोंडून ठेवायला. रोमचा सम्राट टायबेरियस याला वर्षभर रोज काकडी लागे, म्हणून त्याचे माळी चाकांवरचे वाफे दिवसा उन्हात ढकलत आणि थंडीत ते पारदर्शक दगडाच्या पातळ पापुद्र्यांखाली झाकत, असं प्लिनीनं लिहून ठेवलं आहे. मुलुंडला असली ऊब कुणाला हवी? आमच्या गच्चीवरचं हरितगृह उभं आहे ते ऊन आणि पाऊस या दोघांनाही जरा दमानं घ्या म्हणायला. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत इथं दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. सांताक्रूझच्या वेधशाळेनं 26 जुलै 2005 रोजी एका दिवसात 944 मिलिमीटर मोजला, ती रात्र उपनगरातलं कुणीच विसरलेलं नाही. आणि मार्च सरता सरता गच्चीच्या लाद्या अनवाणी पायाला चटका देऊ लागतात. अशा जागी पालकाच्या कोवळ्या रोपाला एवढंच हवं असतं की कुणीतरी डोक्यावर हात धरावा. म्हणून पावसाळ्यात वर प्लास्टिकचा जाड कागद, तो उतरवला की हिरवी शेडनेट, आणि चारही बाजू वाऱ्याला मोकळ्या. पूर्वेला मिठागरं आणि खाडी, पश्चिमेला नॅशनल पार्कचा डोंगर. वारा दोन्हीकडून येतो.

हे सगळं मी निवृत्त झाल्यावर सुरू केलं. पण भाजी वाढताना पाहायची सवय मला नोकरीनंच लावली. सगळी नोकरी फोर्टातल्या बँकेत गेली, म्हणजे सगळी तरुणाई मध्य रेल्वेच्या लेडीज डब्यात गेली. भांडुप, कांजूरमार्ग, विक्रोळी, घाटकोपर. रुळांच्या कडेला पालकाचे, लाल माठाचे, मुळ्याचे वाफे, मध्येच अळवाची मोठी पानं. रेल्वेनं ‘अधिक धान्य पिकवा’ योजनेखाली कसायला दिलेल्या त्या पट्ट्या. त्यांना नाल्याचं पाणी मिळे म्हणून लोक नाकं मुरडत, आणि त्यांचं म्हणणं रास्त होतं. तरीही संध्याकाळच्या गाडीत आम्ही बायका मांडीवर पिशवी पसरून मेथी निवडत असताना खिडकीबाहेर कुणीतरी वाकून माठाला पाणी घालत असे, आणि माझे हात थांबत. निवडण्यापेक्षा ते काम मोठं आहे, असं मला तेव्हाच वाटे.

त्यामागे आई असणार. राजापूर तालुक्यातल्या आमच्या घरामागे तिची परसबाग होती. न्हाणीचं पाणी अळवाला आणि केळीला. मृग लागला की काकडी, पडवळ, दोडका, चिबूड टोकायचे आणि वेल चढायच्या आत मांडव घालून घ्यायचा. भात कापून घरात आलं की मुळा, माठ, वाल. बियाण्याचा दोडका चुलीच्या वर धुरात टांगलेला असे, बाकीचं बी राखेत घोळवून डब्यात. आईनं मला यातलं काही शिकवलं नाही. मी शिकावं, मुंबईला जावं, चिखलात पाय घालू नये, एवढीच तिची इच्छा. ती मी पुरी केली. आता साठी ओलांडल्यावर तिच्या हातांच्या हालचाली आठवून आठवून शिकते आहे, आणि पुष्कळसं आठवतं, याचं फार समाधान वाटतं.

आमच्या वयाच्या माणसाला लोक बहुधा मागचंच विचारतात. तुमच्या वेळी कसं होतं, तेव्हा पगार किती होता, हा रस्ता तेव्हा कसा होता. पुढचं विचारतात ते फक्त डॉक्टर, आणि त्यांच्या तारखा फारशा आनंदाच्या नसतात. वाडवडील नातवंडांसाठी फणस लावून ठेवत. थोरच काम ते, पण त्याला जमीन लागते आणि आपण पाहणार नाही अशा गोष्टीवरची माया लागते. भाजीचं तसं नाही. मेथी महिन्याच्या आत हाताशी येते. मुळ्याला चाळीस-पंचेचाळीस दिवस, भेंडी पन्नासेक दिवसांत पहिली तोडायला येते, दुधीला दोन महिने. एवढं भविष्य माझ्या मुठीत मावतं. पेरलं की मी त्याची वाट पाहू शकते, आणि वाट पाहत असलेल्या माणसाची सकाळ वेगळीच असते. निवृत्तीनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत मला जे हवं होतं आणि ज्याला नाव देता येत नव्हतं, ते बहुतेक हेच होतं.

मातीची गोष्ट मात्र सोपी नाही. ओल्या मातीचं वजन घनमीटरला दीड टनाच्या वर भरतं. गच्चीवर ती ओतायची म्हणजे खालच्यांच्या छताशी खेळ. सोसायटीच्या सभेत गळतीवरून रणच पेटलं, आणि ते पेटायलाच हवं होतं, घरं सगळ्यांची आहेत. उपाय मुंबईतच सापडला. वांद्र्याच्या डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवरच्या शेतीची जी पद्धत घालून दिली, तिच्यात माती थोडी आणि उसाची चिपाडं भरपूर. चिपाडं हलकी, पाणी धरून ठेवणारी आणि रसवंतीवाल्याला नकोशीच. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी 2002 पासून तिथल्याच ओल्या कचऱ्यावर बाग फुलवली आणि पुढे ‘अर्बन लीव्हज’मधून कितीतरी मुंबईकरांना या कामाला लावलं. त्यांच्या कामामागे श्री. अ. दाभोळकरांचा विचार आहे. गणिताचा हा प्राध्यापक ‘प्रयोग परिवारा’तून शेतकऱ्यांना पानावर पडणाऱ्या उन्हाचा हिशेब मांडायला शिकवत होता. या परंपरेतलं अमृतजल मी घरी करते: दहा लिटर पाण्यात एक किलो शेण, एक लिटर गोमूत्र, पन्नास ग्रॅम गूळ, तीन दिवस रोज ढवळायचं, चौथ्या दिवशी दहापट पाणी घालून पाचोळ्यावर शिंपडायचं. पाचोळ्याला मुलुंडमध्ये तोटा नाही. रस्त्यावरचे विलायती शिरीष आणि सोनमोहर पोत्यांनी तो देतात. आमच्या गल्लीतले सफाई कामगार भाऊ तो माझ्यासाठी बाजूला लोटून ठेवतात, आणि वांगी निघाली की पहिली त्यांच्या डब्यात जातात.

टोमॅटोनं मला मुंबईची रात्र शिकवली. त्याला दिवसाच्या उन्हापेक्षा रात्रीचा उकाडा अधिक बाधतो. रात्र गरम राहिली की फूल येतं, पण फळ धरत नाही, देठासकट गळून पडतं. शेडनेट रात्री काय करणार? म्हणून बी सप्टेंबरात टाकायचं, रोप दसऱ्याच्या सुमाराला पिंपात हलवायचं, म्हणजे फुलं डिसेंबर-जानेवारीच्या त्या थोड्याशा गार रात्रींत सापडतात. आमचा हिवाळा एवढासाच, पण टोमॅटोला पुरतो.

आणि वेलभाज्यांची फुलं! हे मला कुणी आधी का सांगितलं नाही? दोडका आणि घोसाळं एका घरातली भावंडं, पण दोडक्याचं पिवळं फूल संध्याकाळी उमलतं आणि घोसाळ्याचं पहाटे. दुधीचं पांढरं फूल दिवेलागणीला, पडवळाचं बारीक झालरीचं फूलही त्याच सुमाराला, कारण त्यांचे पाहुणे म्हणजे रात्रीचे पतंग. चौथ्या मजल्यावरच्या गच्चीत पतंग फारसे फिरकत नाहीत, मग ते काम मी करते. देवापाशी दिवा लावायचा आणि वर यायचं. नरफूल तोडून त्याच्या पाकळ्या मागे दुमडायच्या, ज्या फुलाच्या देठाशी बोटभर दुधी आधीच दिसतो आहे, त्या मादीफुलावर परागकण हलकेच टेकवायचे. खाली गाड्यांचे हॉर्न, पलीकडे लोकलचा आवाज, शाखा सुटल्यावर घरी परतणारी मुलं. दोन-तीन दिवसांत तो बोटभर दुधी फुगायला लागला की कळतं, जमलं. नाहीतर तो पिवळा पडतो. आयुष्यभर दुधी खाल्ला, तो निवडला, किसला, त्याचे कोफ्ते केले. त्याचं फूल पांढरं असतं आणि ते अंधारात उमलतं, हे मला या वयात कळावं! नवं काही कळण्याची ही चव मी बँकेतल्या पहिल्या वर्षानंतर चाखली नव्हती.

कारल्याला फळमाशी लागते, त्याला कामगंध सापळा. मिरचीवर बोकड्या येतो, त्याला निंबोळी अर्क, तोही वेळेत. भेंडीच्या हळद्या रोगापुढे मी ‘परभणी क्रांती’चं बी लावते, कारण परभणीच्या कृषी विद्यापीठानं हा वाण त्याच रोगाला तोंड देण्यासाठी काढला. दोडका दापोलीचा, ‘कोकण हरिता’. मामेभाऊ बी पाठवतो. पोपट मिरच्या नेतात, त्यांना नेऊ देते.

पावसाच्या सुरुवातीला स्टेशनबाहेर आदिवासी बायका टोपल्या घेऊन बसतात. शेवळं, फोडशी, टाकळा, मग कंटोळी. यातलं मी काहीच पिकवत नाही, आणि पिकवायला जाऊही नये असं माझं मत आहे. डोंगर कुठं, कधी, किती देतो हे त्यांच्या आज्यांपासून चालत आलेलं ज्ञान आहे. शेवळाची खाज घालवायला सोबत काकडं घाला, हे त्याच सांगतात. त्यांच्याकडून घेताना मी भाव करत नाही. पेरणाऱ्या हातांना वेचणाऱ्या हातांची किंमत कळली पाहिजे.

गेल्या महिन्यात तळमजल्यावरचे काका जिना चढून वर आले, ऐंशी ओलांडलेले, मध्ये दोनदा बसत. सगळी पिंपं पाहून झाल्यावर म्हणाले, मला कागदी लिंबू लावायचंय, लोणच्याचं. मी सांगितलं, गुटी कलम आणलं तरी फळ धरायला दोन-तीन वर्षं जातील. त्यांनी मान हलवली आणि कलम कुठं चांगलं मिळेल ते विचारलं. लिंबाला दिवसभर ऊन लागतं, तेव्हा ते मांडवाखाली नको. दक्षिणेच्या कठड्याजवळचं मोठं पिंप त्यांना दिलं आहे. त्यातली वांगी या आठवड्यात उतरवायची, मुळं काढायची आणि तळाशी नवी चिपाडं भरायची आहेत.