घाटरस्त्याचे पाणी खाडीला मिळते तेव्हा

खेडहून चिपळूणला येताना परशुराम घाट लागतो. हा मुंबई-गोवा रस्ता; पूर्वीचा १७ आणि आताचा ६६ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग. घाट उतरताना खाली पेढे गावची घरे, पलीकडे वाशिष्ठीचे पात्र दिसते. पाहुणा हिरवा डोंगर पाहून खूश होतो. आपण शेतकरी, आपण पाणी कुठे जाते ते पाहावे.

आधी साधा हिशेब करू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. चौपदरी रस्त्याची रुंदी २० मीटर धरा. अशा एक किलोमीटर रस्त्यावर २५ मिलिमीटरची सर आली, तर ५ लाख लिटर पाणी होते, म्हणजे दहा हजार लिटरचे ५० टँकर! कोकणात अशी सर ही रोजची गोष्ट. रानात त्यातले काही पालापाचोळ्यात अडते, मुळांशी मुरते. रस्त्यावरचे जवळजवळ सगळे वाहून जाते.

आणि ते नुसते वाहत नाही. उन्हाळाभर साचलेली धूळ, गळलेले तेल, टायरची आणि ब्रेकची झीज पहिल्या पावसात धुऊन निघते. टायरमधून जस्त येते, ब्रेकमधून तांबे. भाताला जस्त आपण तोलूनमापून देतो. तेच पाण्यात वाढले, की माशांच्या पिलांना विष ठरते. त्यात डोंगर कापलेला असेल तर तांबडा गाळही येतो.

आता या पाण्याबरोबर खाली चला. गटारातून मोरीत, मोरीतून पऱ्ह्यात, पऱ्ह्यातून वाशिष्ठीत आणि पुढे दाभोळच्या खाडीत. गाळ थेट समुद्रात जात असेल, असे आपल्याला वाटते. पण खारे पाणी लागताच मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटतात आणि खाडीतच बसतात. कोळंबी, खेकडे, बोय यांची पिले वाढतात ती याच खाजणात, कांदळवनात. तिसऱ्या तर पाणी गाळूनच जगतात; गाळ वाढला की त्या गुदमरतात. मग ओहोटीला टोपली घेऊन गेलेली बाई रिकामी परतते.

२२ जुलै २०२१ रोजी चिपळूण बुडाले. त्याला कारणे अनेक. सगळा दोष रस्त्याला देता येणार नाही. पण त्यानंतर वाशिष्ठीतला गाळ उपसण्याचे काम हाती घ्यावे लागले. वर अडवलेली माती खाली उपसावी लागत नाही, हे बांधबंदिस्ती करणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

उपायही आपल्या शेतातलेच आहेत. गटाराचे तोंड थेट पऱ्ह्यात सोडू नये. मध्ये गाळ बसायला खड्डा करावा, पुढचा चर गवताचा ठेवावा, उतारावर ठिकठिकाणी दगडी ताल घालावेत. कापलेल्या उतारावर वाळ्याचे गवत लावावे. त्याची मुळे खोल जाऊन माती धरतात. खड्ड्यातला गाळ दरवर्षी काढून दूर टाकावा. तो शेतात पसरू नये, कारण त्यात तेल आणि धातू असतात.

एक इशारा मात्र ध्यानात ठेवा. पाणी जिरवणे चांगले, पण कापलेल्या दरडीच्या माथ्यावर नव्हे. तिथे मुरलेले पाणी दरड खाली आणते. २०२२ च्या पावसाळ्यात दरडीमुळे याच घाटातली वाहतूक बंद ठेवावी लागली होती. माथ्यावर पक्का आडवा चर काढून पाणी बाजूला न्यावे आणि सपाटीवर आल्यावरच थोपवावे.

कारखान्याच्या सांडपाण्याविरुद्ध गाव उठते. रस्त्याच्या पाण्याला मात्र कोणी धनी नसतो. तुमच्या शिवारातून महामार्ग जात असेल, तर मे महिन्यात चार जाणत्यांनी मोऱ्या पाहाव्यात. कोणत्या मोरीचे पाणी कुणाच्या शेतात किंवा पऱ्ह्यात उतरते, त्याची यादी करावी. ग्रामसभेत ठराव घेऊन ती रस्त्याच्या अधिकाऱ्यांकडे लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. ट्रॅक्टरचे जळके तेल पऱ्ह्यात ओतू नये, हे तर आपल्याच हातात आहे.