डोहात उतरण्याआधी विचारा

दिवाळीची सुटी जवळ आली की भिलाईच्या रुआबांधा सेक्टरमधल्या घरांत एकच विषय निघतो – यंदा कुठे? मुलांना पाण्यात डुंबायचे असते, आजीला फार चालवत नाही आणि आईला दोन दिवस तरी स्वयंपाकघरातून सुटका हवी असते. या साऱ्यांची सोय एकाच जागी होते ती बस्तरमध्ये, जगदलपूरजवळच्या कांगेर खोऱ्यात.

भिलाईहून जगदलपूर सुमारे तीनशे किलोमीटर. रायपूर, धमतरी, कांकेर करीत गाडी केशकाळच्या घाटाला लागते. त्याची बारा वळणे संपली की हवा बदलते आणि दोन्ही बाजूंना सालवृक्ष सुरू होतात. रात्री जगदलपूरला मुक्काम करावा आणि पहाटे जंगलाकडे निघावे.

सुमारे दोनशे चौरस किलोमीटरचे हे राष्ट्रीय उद्यान १९८२ मध्ये झाले. साल, साग आणि बांबूचे हे मिश्र वन छत्तीसगडचा राज्यपक्षी असलेल्या पहाडी मैनेचे घर आहे. तिच्या राखणीसाठी वनखात्याने आसपासच्या गावांतल्या तरुणांनाच ‘मैना मित्र’ केले आहे. कोटमसर गुहेत गाइडशिवाय जाता येत नाही. पावसाळ्यात तिच्यात पाणी भरते, म्हणून ती तेव्हा बंद असते. आतल्या अंधारात राहणाऱ्या माशांची दृष्टी गेलेली आहे. गाइडच्या दिव्याच्या उजेडात ते दिसले की मुले एकदम गप्प होतात.

गाइड आपसांत हलबी बोलू लागले की मराठी कान टवकारतात. ‘मोचो’, ‘तुचो’ या शब्दांतला ‘चो’ म्हणजे आपल्या ‘चा’चा सख्खा भाऊच! थोड्याच वेळात आजीच्या आणि गाइडच्या गप्पा रंगतात.

दुपारचे जेवण धुडमारास गावात घ्यावे. इथे धुरवा आदिवासी कुटुंबे पाहुण्यांना घरी उतरवून घेतात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने २०२४ मध्ये गावांच्या विकासासाठी जगातली वीस गावे निवडली, त्यांत हे एक होते. सालीच्या पानांच्या द्रोणात भात, भाजी आणि बांबूचे कोवळे कोंब येतात. सोबत मडियाची, म्हणजे नाचणीची, आंबूस गार पेज असते. चापडा चटणी मात्र विचारून घ्यावी. झाडावर पाने शिवून घरटे करणाऱ्या लाल मुंग्या, त्यांची अंडी, मिरची आणि लसूण वाटून ती करतात. चव लिंबासारखी आंबट! नाके मुरडणारी मुलेच अनेकदा दुसऱ्यांदा मागतात.

आता पाणी. तीरथगडचा धबधबा सुमारे तीनशे फूट खाली उतरतो, पण एका उडीत नव्हे, तर खडकांच्या पायऱ्यांवरून. आजीने वरूनच पाहावे, बाकीच्यांनी जिना उतरून तुषार अंगावर घ्यावेत. इथले खडक शेवाळाने निसरडे असतात आणि वर पाऊस झाला की खाली ऊन असतानाही पाणी वाढते. दुरून पाहताना यातले काहीच कळत नाही. शिवाय कांगेर नदीचे सगळे डोह सारखे नाहीत. भैंसा दरहा नावाच्या खोल डोहात मगरी राहतात. वरून ते पाणी इतके शांत दिसते, की कुणालाही उडी मारावीशी वाटेल!

म्हणून इथे एकच नियम पाळावा. गाइड ‘नाही’ म्हणाला, की नाही. त्याच्याशी घासाघीस करू नये आणि ‘आम्हाला पोहता येते’ हेही सांगू नये. धुडमारासचे तरुण लाइफ जॅकेट घालून पर्यटकांना बांबूच्या तराफ्यावरून नदीत नेतात. कुठे खोल आहे आणि कुठे भोवरा आहे, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक असते. मुलांची पाण्याची हौस तिथे भागवावी.

पाहुण्यांनी दिलेल्या पैशातून या गावातल्या घरांची चूल पेटते, आणि जंगल टिकले तरच पाहुणे येणार, हे गावाला पक्के कळलेले आहे. त्यामुळे रिकाम्या बाटल्या आणि पिशव्या परत रुआबांध्याला न्याव्यात. घरी पोचल्यावर मुले मगरीच्या डोहाची गोष्ट शेजाऱ्यांना रंगवून सांगतील. उडी न मारताच परत आलो, हेही त्यांनी अभिमानाने सांगावे.