जागल

वर्गात झोपणाऱ्या विद्यार्थ्यावर माझा फार राग. आपले शिकवणे कंटाळवाणे आहे, असा त्या झोपेचा एक अर्थ निघतो आणि तो कोणत्याही मास्तराला आवडत नाही. बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला असा एक मुलगा होता. सकाळच्या पहिल्या तासाला शेवटून दुसऱ्या बाकावर बसे, हजेरी देई, आणि संतकाव्याचा माझा उपोद्घात संपतो न संपतो तो त्याची मान छातीवर टेकलेली असे. श्रावण-भाद्रपद मी सोसले. आश्विनात मात्र त्याला भर वर्गात उभे केले आणि विचारले, "रात्री काय चोऱ्या करायला जातोस का रे?" वर्ग हसला. तो हसला नाही. म्हणाला, "नाही सर. चोरांची वाट पाहतो."

तास संपल्यावर खुलासा झाला. नवेगावबांधच्या जंगलाला लागून त्याच्या घरची अडीच एकर धानाची शेती. बाप नागपूरला बांधकामावर. घरी आई आणि आजा. धान लोंबीवर आला, की हरणे आणि डुकरे रात्री उतरतात. त्यांना हाकायला पहिला अर्धा रात्रीचा पहारा आजाचा आणि उरलेला याचा. पहाट झाली, की तोंडावर पाणी मारून हा सहाची बस धरतो. या पहाऱ्याला त्या भागात 'जागल' म्हणतात. जागलीला जाणे म्हणजे शेत राखायला जाणे. जागरण हा आपला शब्द देवाधर्माचा; जागल हा पोटाचा.

"सर, एकदा येऊन पाहा," तो म्हणाला. त्याने हे शिष्टाचार म्हणून म्हटले असावे. मी मात्र गेल्या वर्षी कार्तिकात एका शनिवारी खरोखरच गेलो.

गोंदियाहून बल्लारपूरकडे जाणारी गाडी दुपारी रमतगमत निघते. गोंदिया शहर सुटेपर्यंत भाताच्या गिरण्या आणि कोंड्याचे ढीग दिसतात. मग दोन्ही बाजूंना नुसत्या बांध्या. मी देशावरचा माणूस. आमच्याकडे बांध म्हणजे दोन भावांनी कोर्टात जाण्याचे कारण. इकडे बांध म्हणजे तलाव, त्या बांधाला अडवणारी ती पार, धानाचा चौकोनी वाफा ती बांधी, दोन बांध्यांमधली वरंब्याची वाट तो धुरा, आणि शेतातले लहान तळे ती बोडी. ही भाषा शिकायला मला तीन वर्षे लागली, आणि अजूनही धुऱ्यावरून चालताना माझा तोल जातो.

१९९९ सालच्या महाराष्ट्रदिनी भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा जिल्हा झाला. पण तलावांना या वाटणीची दखल नाही. हे सारे तलाव मालगुजारीच्या काळातले. नवेगावचा विशाल जलाशय कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकात बांधला असे सांगतात. इंजिनिअर नव्हता, सिमेंट नव्हते. डोंगरांच्या मधल्या खिंडी मातीच्या पारीने बुजवल्या आणि पाणी थांबले. कोहळी समाजाची ही विद्या. पुढे १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि गाळ काढायचा कुणी हा प्रश्न मागे राहिला. ते असो. मुद्दा एवढाच, की जिथे तलाव तिथे धान, जिथे तलाव तिथेच जंगलातल्या जनावरांचेही पाणी. तलाव बांधणाऱ्याने दोघांनाही एकाच पंगतीला बसवून ठेवले आहे.

१९७० साली नागझिऱ्याचे अभयारण्य झाले, १९७५ साली नवेगावचे राष्ट्रीय उद्यान. २०१३ साली दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. मराठी वाचकाला ही राने ठाऊक झाली ती व्यंकटेश माडगूळकर आणि मारुती चितमपल्ली यांच्यामुळे. चितमपल्ली वनाधिकारी म्हणून नवेगावात राहिले; २०२५ साली ते गेले. त्यांची पुस्तके वाचूनच मी या जिल्ह्यातली नोकरी पत्करली, हे कबूल करायला हरकत नाही. त्या पुस्तकांतले हरीण मी शिकवतोही. पण त्या हरणाच्या तोंडात जो हिरवा घास असतो तो कुणाच्या शेतातला, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

गावी पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. शेताचे एकूण रूप पाहून मला प्रथम एखादे लग्न असावे असे वाटले. चारी बाजूंनी खुंट्या रोवून त्यांना जुन्या साड्या बांधलेल्या: निळ्या, तांबड्या, एक तर चक्क जरीच्या काठाची. या साड्या बाजारात किलोवर मिळतात. रंग आणि फडफड पाहून जनावर बिचकते. "किती दिवस बिचकते?" मी विचारले. आजा म्हणाला, "आठ दिवस. मंग थेच साडी सिंगावर घेऊन जाते."

पुढे उपायांची सारी वंशावळच मला ऐकायला मिळाली. रिकाम्या बाटल्या जोडीने टांगायच्या, म्हणजे वाऱ्याने वाजतात. न्हाव्याकडून केस आणून धुऱ्यावर पसरायचे; डुक्कर हुंगत हुंगत चालते, केस नाकात गेले की परतते. टिनाचा डबा, गोफण, सुतळीबाँब. गावातल्या एकाने कर्ण्यावर कुत्र्याचे भुंकणे लावले होते. तिसऱ्या रात्री चितळे त्या कर्ण्याखालीच चरत होती. प्रत्येक उपाय पहिल्या आठवड्यात खरा असतो. जनावर शिकते, आणि आमच्या विद्यार्थ्यांपेक्षा लवकर शिकते.

चितळ आणि डुक्कर यांच्या चोरीत फरक आहे. चितळ कोवळ्याचे शौकीन. आषाढात पऱ्हे वीतभर झाले, की कळपाने येऊन शेंडे खुडते. रोवणी झाल्यावरही येते. त्याने खाल्लेले निदान पुन्हा फुटण्याची आशा असते. डुक्कर येते दाणा दुधात असताना. ते खाते पसाभर आणि लोळवते खंडीभर. बांधीत ओल असते, चिखल गार असतो. त्याला जेवण आणि अंघोळ एकदमच उरकायची असते. आडवा झालेला धान पुन्हा उभा राहत नाही, दाणा मातीला लागला की काळा पडतो. शिवाय डुकरीण एका वेताला चार-सहा पिले सहज देते. नागझिरा रानकुत्र्यांसाठी प्रसिद्ध आहे, वाघ-बिबटे आहेत. २०२३ साली ब्रह्मपुरीच्या रानातून दोन वाघिणीही आणून सोडल्या. पण वाघाने डुकरे किती खावीत आणि कुणाच्या शेताशेजारची खावीत, हे त्याला कोण सांगणार?

माळा चार लाकडी खांबांवर उभा होता, वर तणसाचे छप्पर. आजाने खाली शेकोटी केली आणि विडी पेटवली. त्या धुरावरून मला एक जुनी गोष्ट आठवली. हा सगळा मुलूख इंग्रजी अमलात मध्य प्रांतात होता. तेव्हा गांजा हेही परवान्याचे पीक होते, आणि या प्रांतात त्याची लागवड खांडव्याच्या भागापुरती बांधून दिलेली होती. १८९३-९४ साली सरकारने भांग-गांजाची चौकशी करायला आयोग नेमला, त्याच्या अहवालाचे भलेमोठे खंड आहेत. त्या पिकाला राखण हरणापासून किती आणि माणसापासून किती, हा विचार मनात आला. १९८५ च्या कायद्याने आता बिनपरवाना एक झाडदेखील लावणे हा गुन्हा आहे. आजाला हे सांगितले, तर तो म्हणाला, "म्हंजे सरकारले चोराची ओळख हाये म्हना. मंग धानाच्या चोराची काहून नाई?" यावर एम. ए.ला काही शिकवलेले नव्हते.

रात्री अकरापर्यंत चांदणे होते. मग धुके उतरले आणि थंडी धुऱ्याधुऱ्यांनी चालत माळ्यावर चढली. दूरच्या माळ्यावरून कुणीतरी आरोळी देई, त्याला दुसऱ्या माळ्यावरून उत्तर येई, आणि तशी ती आरोळी शिवारभर फिरून परत येई. ती जनावरासाठी जेवढी, तेवढीच एकमेकांसाठी असते. मी जागा आहे, तू आहेस ना?

एकच्या सुमारास मी लघुशंकेसाठी खाली उतरलो. अंधारात धुऱ्याने वीस-पंचवीस पावले गेलो असेन. मागून मुलगा धावत आला आणि त्याने माझा दंड असा धरला, की दोन दिवस वळ होता. "सर, हलू नका." त्याने टॉर्च खाली धरला. माझ्या पोटरीच्या उंचीवर, हातभर पुढे, एक तार होती. साधी, उघडी, गंजलेली. शेजारच्या शेताच्या कडेने ती गेलेली होती आणि तिचे दुसरे टोक विजेच्या खांबावर आकडा टाकून अडकवलेले होते.

परत माळ्यावर आलो तेव्हा माझे पाय माझे नव्हते. मुलाने त्या रात्री मला विजेचा जो पाठ दिला, तो मी कधी विसरणार नाही. 'झटका मशीन' म्हणतात त्याची तार वेगळी. त्यात सौर पाट्यावर भरलेली बॅटरी असते. दाब काही हजार व्होल्टचा, पण प्रवाह सेकंदाला एकदा, आणि तोही निमिषाच्या अंशापुरता. जनावराला चटका बसतो आणि मधल्या उसंतीत ते मागे सरते. चोरून घेतलेल्या २३० व्होल्टच्या तारेला उसंत नसते. स्नायू आवळतात, धरलेले सुटत नाही. डुकरासाठी लावलेली तार माणूस ओळखत नाही, गाय ओळखत नाही. याच गाडीने पुढे गेलात तर चंद्रपूर जिल्ह्यातले नागभीड लागते. नागझिऱ्याचा 'जय' नावाचा प्रसिद्ध वाघ २०१३ साली उमरेडच्या रानात गेला आणि २०१६ साली नाहीसा झाला. त्याचा मुलगा समजला जाणारा 'श्रीनिवास' २०१७ च्या एप्रिलात त्याच नागभीडच्या भागात शेताच्या अशाच तारेवर मेला. ती तारही वाघासाठी नव्हती.

"मग तुम्ही मशीन का नाही घेत?" मी विचारले.

जंगलालगतच्या गावांसाठी सौर कुंपणाची सरकारी योजना आहे, अनुदान आहे. पण यादीत नाव लागावे लागते, आपला हिस्सा आधी भरावा लागतो. तारेला गवत टेकले की वीज जमिनीत जाते, म्हणून पावसाळाभर खाली निंदण करीत राहावे लागते. हे सारे त्याने नीट सांगितले. मग जरा थांबून म्हणाला, "शेजारच्याच्या शेतात यंदा एक पाय पडला नाही सर. आमच्याकडे सहा वेळा आले. आई रोज म्हणते, आपणही तार लावू." आजा अंधारातून एवढेच बोलला, "मी हाये तवर नाई."

आजाचे वय त्र्याहत्तर.

डुकरे तीन वाजता आली, आणि आली तेव्हा आम्ही तिघेही जागे होतो, ही गोष्ट मला मुद्दाम नमूद केली पाहिजे. दिसले काहीच नाही. धानात कुणीतरी सतरंजी ओढीत नेत आहे, असा आवाज फक्त आला. मुलगा डबा बडवत उतरला, आजाने बाँब पेटवला, मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही; संतकाव्यातले नसावे. सगळा प्रकार पाच मिनिटांचा. उजाडल्यावर पाहिले, तर तळाची एक बांधी कुस्तीचा हौद व्हावा तशी झाली होती.

कायद्याने अशा डुकराला मारण्याची परवानगी मागता येते. नुकसानभरपाईही मिळते, अर्ज करायचा, पंचनामा व्हायचा. मुलगा कागद घेऊन आला. "सर, अर्ज तुम्ही लिहा. तुमची मराठी चांगली आहे."

मी वीस वर्षे निबंधलेखन शिकवतो आहे. त्या अर्जाला मला दीड तास लागला. गट क्रमांक, पीक, एकूण क्षेत्र हे सोपे. 'नुकसानीचे स्वरूप' या रकान्यापाशी अडलो. 'उद्ध्वस्त' लिहिले, ते नाटकी वाटले. 'नासधूस' खोडले. शेवटी आजाला विचारले, तुम्ही काय म्हणता? तो म्हणाला, "लोरवलं." मी 'लोळवून जमीनदोस्त केले' असे लिहिले. 'वन्यप्राण्याचे नाव' या जागी मी सत्य तेच लिहावे म्हणून 'रानडुक्कर व चितळ' असे लिहिणार, तो आजाने हात धरला. दोन नावे लिहिली तर कुणी किती खाल्ले ते साहेब विचारतात. एकच लिहा.

मग क्षेत्र मोजायचे राहिले. मी धुऱ्यावरून पावले टाकली: लांबी चौतीस, रुंदी एकोणीस. आजा बघत होता. "गुरुजी, तुमचं पाऊल शहराचं हाये, लहान पडते. क्षेत्र जास्त निंगन." मी म्हटले, मग बरेच की. तो काही बोलला नाही. त्याने नातवाला खूण केली. नातवाने पुन्हा पावले टाकली: लांबी सत्तावीस, रुंदी पंधरा. आम्ही तेच लिहिले.

मी सही साक्षीदार म्हणून केली. गावातून शनिवारचा बाजार आटोपून उरलेली माणसे बसच्या थांब्याकडे निघाली होती. त्यांच्यात मुलगाही माझ्याबरोबर मोठ्या रस्त्यापर्यंत आला. हलका धान कापून कडपा पडला होता. भारी धान पिकायला अजून अठरा दिवस होते.