देश पाहिजे

२०२४ च्या पावसाळ्यात आम्ही आमच्या मुलीसाठी स्थळं पाहायला सुरुवात केली. स्थळं म्हणजे मुलगे नव्हेत, देश. मुलग्यांचा विषय काढला की ती उठून जाते. देशांचा विषय तिनेच काढला. चाकणला मोटारींचे ब्रेक बनवणाऱ्या कारखान्यात चार वर्षं काढल्यावर एका रात्री आमटीत भात कालवता कालवता ती म्हणाली, "मी युरोपात नोकरी बघणार आहे. देश अजून ठरला नाही. तुम्हाला काय वाटतं?"

आता, 'तुम्हाला काय वाटतं' हा प्रश्न आमच्यासारख्या घरात जरा जपून विचारावा. ज्यांना कोथरूडहून हडपसरला जायचा धड रस्ता सांगता येत नाही, ते लोक आठवडाभरात डेन्मार्कवर मत देऊ लागले.

पहिलं स्थळ नॉर्वेचं. ते माझ्या मेहुण्याने आणलं. पगार चांगला, माणसं सालस, आणि समुद्रात घरचं तेल. माझ्या आईने एकच प्रश्न विचारला, "तिथे ऊन असतं का गं?" मुलीने प्रामाणिकपणे सांगून टाकलं, की पार उत्तरेला, त्रोम्सोला, नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही. दिवे लागल्यावर केर काढला तर लक्ष्मी जाते, हे आईचं जुनं शास्त्र. "म्हणजे दोन-दोन महिने केरच काढायचा नाही?" मुलीला हे कलम फार आवडलं, पण स्थळ मोडलं. ऑस्लोला सूर्य रोज उगवतो, हा खुलासा कोणी ऐकूनच घेतला नाही.

आयर्लंड सुचवलं शेजारच्या काकूंनी. त्यांचं माहेर मालवणकडचं. लिओ वराडकर २०१७ साली तिथले पंतप्रधान झाले, आणि त्यांच्या वडिलांचं गाव मालवण तालुक्यातलं वराड. तेव्हापासून आयर्लंड हा काकूंच्या दृष्टीने सिंधुदुर्ग जिल्ह्याचाच जरा लांबचा भाग आहे. "आमच्या वराडचो झील थंयचो पंतप्रधान झालो, अजून काय होया तुका?"

"काकू, एप्रिलमध्येच पायउतार झाले ते."

"पदावरसून उतारलो, पण माणूस आसा मा थंयच!"

भाषा इंग्रजी, गाड्या डाव्या बाजूने, आणि वर ओळखीचं माणूस. पण आमच्या सौ.ने घड्याळ काढलं. हिवाळ्यात आयर्लंड आपल्या साडेपाच तास मागे. म्हणजे पोरगी कामावरून साडेसहाला घरी येणार तेव्हा इथे मध्यरात्र. बोलायचं कधी? देश निवडायची तिची कसोटी ही एवढीच होती, आणि तिच्यावर फक्त फिनलंड उतरत होतं, कारण उन्हाळ्यात तिथला फरक अडीच तासांचा. तिथे ब्रेकचं काम मिळतं का, असं मी विचारलं. "ते तिचं ती बघेल," सौ. म्हणाली.

मी नेदरलँड्सच्या बाजूने होतो. माणसांपेक्षा सायकली जास्त असलेला देश! एकेकाळी पुण्याचंही सायकलींसाठी नाव होतं, आणि मी त्या काळातला. पण चौथा हिस्सा देश समुद्रसपाटीच्या खाली आहे, हे मी कौतुकाने सांगायला गेलो, आणि सौ.ला आमच्या सोसायटीचं पार्किंग आठवलं.

राहता राहिली जर्मनी. त्यांनी त्याच वर्षी जूनपासून एक संधी-कार्ड काढलं होतं. एक वर्ष तिकडे राहा, नोकरी शोधा, मिळाली तर थांबा, नाहीतर परत या. तुमची पदवी त्यांनी पूर्णपणे आपल्या बरोबरीची मानली तर प्रश्नच नाही, नाहीतर गुण जुळवायचे. शिक्षण, अनुभव, भाषा, वय. पस्तिशीच्या आत असाल तर दोन गुण, चाळिशीपर्यंत एक, पुढे पूज्य. पत्रिकेत छत्तीसातले अठरा लागतात, इथे सहात काम भागतं. शिवाय वर्षभराचा खर्च बँकेत आहे, हे दाखवायचं. मुलाकडची मंडळी तरी दुसरं काय बघतात!

शिवाय रविवारी तिथे दुकानं बंद, आणि शेजाऱ्याने भिंतीला ड्रिल लावायचं नाही. हे ऐकून मी जर्मनीच्या प्रेमातच पडलो. आमच्या वरच्या मजल्यावर तेव्हा आठ महिने फरशीचं काम चालू होतं, आणि त्याचा मुहूर्त नेमका रविवारी निघे.

सौ.ला मात्र 'नाहीतर परत या' एवढंच आवडलं.

एक गोष्ट मी घरात कोणाला सांगितली नव्हती. १९८५ साली माझ्या कंपनीतून दोघांना दोन वर्षं पश्चिम जर्मनीला पाठवणार होते, आणि त्यातला एक मी होतो. मी जर्मनचं पुस्तक आणलं, सात धडे केले आणि वडिलांना विचारलं. ते पेपरमधून डोकं न काढता म्हणाले, "तुला योग्य वाटेल ते कर." आमच्या घरात याचा अर्थ 'नाही' असा होतो. मी गेलो नाही. पुढे १९९० साली जर्मनी एक झाली आणि पश्चिम जर्मनी हे नावच गेलं. त्या दोन गोष्टींचा संबंध नसावा.

ते पुस्तक मुलीला माळ्यावर सापडलं. आठव्या धड्यावर बसचं तिकीट होतं. रात्री गॅलरीत येऊन तिने विचारलं, "बाबा, खरं सांगा. जाऊ ना?"

माझ्या हातात पेपर होता. 'तुला योग्य' एवढं तोंडातून गेलंही होतं. मग मी पेपर घडी करून खाली ठेवला आणि म्हटलं, "जा."

ती मार्चमध्ये श्टुटगार्टला गेली. ऑगस्टमध्ये नोकरी लागली. सौ.ने त्या दिवशी शिरा केला. तो दुसऱ्या दिवशीही उरला होता.

स्वयंपाकघरात आता दोन घड्याळं आहेत. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे जातात, म्हणून मी स्टुलावर चढलो होतो. सौ. खालून स्टूल धरून हिशेब सांगत होती, "आता साडेचार झाला फरक. पूर्वी साडेतीनच होता." तेवढ्यात मुलीचा फोन आला, आणि नेमकं तेव्हाच वर ड्रिल सुरू झालं. फरशी संपली होती, आता कपाटं चालली होती.

"बाबा, हे अजून चालूच आहे?"

"चालू आहे. थांब, मी आतल्या खोलीत जातो."

"नको, नको," ती म्हणाली. "इथे सकाळपासून पान हललेलं ऐकू येतंय. फोन जरा वर धरता का?"

मी स्टुलावरच होतो. फोन छताला लावला.